रसवंतीतल्या साली, आंब्याचे बाठे आणि म्हशीचं पोट

मीनल_खारेगाव

नमस्कार मंडळी. इथे गोठ्याचे धागे फारसे निघत नाहीत, पण ठाणे-नवी मुंबईत अजून गुरं पाळणारे आणि त्यांच्याशी संबंध असलेले बरेच जण वाचतात हे माहीत आहे, म्हणून विचारते.

माझे दीर शीळफाट्याच्या पुढे म्हशी सांभाळतात. वैरण सगळी विकतची. कडबा घाटावरून येतो, पेंढा आजूबाजूच्या भातशेतीतून. सरकी पेंड आणि चुनीचे भाव तर गोठेवाल्यांना सांगायलाच नकोत. सध्या कळव्यातले एक ओळखीचे ज्यूसवाले रोज मोसंबीचा चोथा, अननसाची सालं आणि आता सीझन असल्यामुळे आंब्याच्या साली आणि बाठे फुकट द्यायला तयार आहेत. त्यांनाही कचरा उचलायला माणूस शोधावा लागतो.

म्हशी या साली अक्षरशः ओढून खातात, पेंढ्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण भरपूर आंबा पडला की दुसऱ्या दिवशी शेण पातळ, त्यात बुडबुडे, रवंथ कमी आणि डेअरीवर दुधाचं फॅट खाली. दीर म्हणतात उष्णतेमुळे असेल. मला तसं वाटत नाही.

फळांचा हा उरलासुरला माल गुरांच्या पोटाला नक्की काय करतो? किती द्यावा, कसा द्यावा? बाठ्यांचं काय करायचं? आणि मोसंबी आणि आंबा यांत फरक आहे का? फुकट मिळतंय म्हणून सोडवत नाही, आणि मुक्या जिवाला त्रास व्हायलाही नको.


फळगाळा_तुर्भे

ताई, चांगला विषय. मी एपीएमसीच्या (कृषी उत्पन्न बाजार समितीच्या) फळबाजारात गाळ्यावर काम करतो. एप्रिल-मेमध्ये डागी आंब्याचे क्रेटच्या क्रेट बाजूला पडतात. गोठ्यांचे टेम्पो पहाटे येतात, पपई, कलिंगड, केळी, जे मिळेल ते भरून नेतात. चारा म्हणून कुणी काही निवडताना मी पाहिलेलं नाही, सगळं फावड्याने भरतात. त्यात काय काय जातं ते नंतर सविस्तर लिहितो, आता गाडी लागली आहे.


पशुवैद्य_पनवेल

मीनलताई, दिरांना सांगा, उष्णता नाही, पोटातलं आम्ल आहे.

म्हशीच्या पोटाचे चार कप्पे. पहिला, सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. मोठ्या जनावराचं कोठीपोट शंभर-दीडशे लिटरचं असतं आणि त्यातल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटींच्या घरात जिवाणू असतात. म्हैस पेंढा पचवत नाही, हे जिवाणू पचवतात. म्हणून आपण म्हशीला खायला घालतो तेव्हा आधी या जिवाणूंना खायला घालतो, हे डोक्यात पक्कं ठेवायचं.

पेंढा खाणारे जिवाणू सावकाश काम करतात आणि त्यांना सामू (म्हणजे pH, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या वर लागतो. गोड आंबा पोटात गेला की साखर खाणारे जिवाणू काही तासांत भरमसाट वाढतात आणि आम्ल सोडतात. सामू साडेपाचच्या खाली घसरला की पेंढा पचवणारे मरगळतात. त्यात लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्यांची चलती झाली तर सामू पाचच्या आसपास येतो आणि जनावर आडवं पडतं. मे महिन्यात आंब्याच्या झाडाखाली सुटलेली गुरं आणि लग्नाच्या मांडवामागे शिळा भात खाल्लेली गुरं, दोन्ही ठिकाणी हाच आजार. कोकणात काम केलेल्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा.

तुमच्या म्हशींना झालं ते त्याचं सौम्य रूप. बुडबुड्यांचं शेण म्हणजे वर न पचलेलं पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतंय. फॅट पडायचं कारणही तेच. दुधातल्या चरबीचा मोठा भाग अ‍ॅसिटिक आम्लापासून बनतो, ते पेंढा पचताना तयार होतं, आणि पेंढ्याचे कामगारच बसले तर फॅट येणार कुठून? असंच दिवसेंदिवस चाललं तर कोठीपोटाचं आतलं अस्तर सोलवटतं, तिथून जंतू रक्तावाटे यकृतात जाऊन गळवं होतात आणि खुरं सुजून जनावर लंगडतं. गोठेवाला खुराला मलम लावत बसतो आणि आजार पोटात असतो.


कोपरखैरणेकर

डॉक्टर, आमच्याकडे आजोबांच्या काळी बैलं आंबा, फणस सगळं खायची. काही होत नव्हतं. फळं तर नैसर्गिक आहेत.


पशुवैद्य_पनवेल

@कोपरखैरणेकर, ती बैलं दिवसभर रानात चरून यायची, चालायची आणि मग दोन-चार फळं खायची. पोटात आधी गवत. इथे तबेल्यात म्हैस दावणीला बांधलेली, पोट रिकामं आणि गव्हाणीत एकदम पाटीभर आंबा. फळ तेच आहे, पण पोटाची तयारी तशी नाही. आणि त्या काळीही गुरं दगावायची, फक्त 'पोट फुगून गेली' एवढंच म्हणायचे.


सूक्ष्मजीव_ठाणे

मी कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवते. डॉक्टरांच्या प्रतिसादाला थोडी जोड देते, कारण मोसंबी आणि आंबा यांत फरक आहे का हा ताईंचा प्रश्न राहून जायला नको. फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे.

फळाच्या गरात साखर असते, पण सालीत आणि चोथ्यात पेक्टिन जास्त असतं. जाम ज्याच्यामुळे घट्ट होतो ते. मोसंबी-संत्र्याची साल वाळवली तर तिच्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त पेक्टिन निघतं. सफरचंदाच्या चोथ्यात ते थोडं कमी. हे पेक्टिन कोठीपोटात साखरेसारखंच पटकन आंबतं, पण त्यातून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल तयार होतं, लॅक्टिक जवळजवळ नाही. शिवाय सामू फार खाली गेला की पेक्टिन खाणारे जिवाणू आपोआप मंदावतात. मका किंवा भात यांच्या पिठाचं तसं नाही, आम्ल वाढलं तरी ते आंबतच राहतं. म्हणून ब्राझील आणि फ्लोरिडात रसाच्या कारखान्यांतला संत्र्याचा चोथा वाळवून दुभत्या गुरांना देतात, तोही धान्याच्या ऐवजी.

म्हणजे पिळून काढलेला मोसंबीचा चोथा हा तुमच्याकडच्या मालातला सगळ्यात भरवशाचा. आंब्याच्या सालीतही पेक्टिन चांगलं असतं, पण ज्यूसवाल्याकडच्या सालीला गर किती चिकटलाय त्यावर सगळं अवलंबून. आणि आख्खा डागी आंबा म्हणजे चारा नव्हे, साखरेचा डोस आहे. या दोन्ही गोष्टी 'फळांचा वेस्ट' म्हणून एकाच पोत्यात टाकतात, तिथेच घोळ होतो.


मीनल_खारेगाव

हे फार उपयोगी आहे. म्हणजे साली चालतील, आंबे नकोत. पण किती?


पशुवैद्य_पनवेल

हिशेब कोरड्या वजनावर करायचा, ओल्यावर नाही. साडेचारशे-पाचशे किलोच्या म्हशीला दिवसाला साधारण १२ किलो कोरडा चारा लागतो. फळांच्या सालीत पाऊण भागाहून जास्त पाणी. दहा किलो साली घातल्या तर पोटात खरा चारा दोन किलोच गेला. तबेल्यात म्हणतात 'पोट भरलं', पण भरलं ते पाण्याने.

माझा स्वतःचा अंदाज असा, की कोरड्या हिशेबात दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. म्हणजे ओल्या साली सहा किलोच्या आसपास, दोन वेळांत विभागून. वाळवलेला मोसंबीचा चोथा यापेक्षा जास्त चालतो, पण आपल्याकडे तो वाळवलेला मिळतच नाही. सुरुवात किलोभराने करायची आणि दोन आठवड्यांत हळूहळू वाढवायची. जिवाणूंची वस्ती बदलायला तेवढा वेळ लागतोच. एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही, हे सगळ्यात वाईट. ज्यूसवाल्याची सुट्टी म्हणजे म्हशीचा खाडा असं होऊ देऊ नका.

सगळ्यात महत्त्वाचं, आधी कडबा किंवा पेंढा आणि मग साली. जनावर चावतं तेव्हा लाळ सुटते, आणि मोठ्या जनावराला दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ सुटते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्यातलाच क्षार असतो, तो आम्ल मारतो. मऊ साली चावाव्या लागत नाहीत, लाळ सुटत नाही. आम्ल जास्त आणि लाळ कमी, दोन्ही बाजूंनी मार.

दिरांना रोज दुपारी गोठ्यात उभं राहून एकच गोष्ट बघायला सांगा. निवांत बसलेल्या म्हशींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा हलला पाहिजे. तीस-पस्तीसवर गिळत असेल तर त्याच दिवशी फळं कमी करा, डेअरीच्या पावतीची वाट बघू नका.

आणि फळांत प्रथिनं नगण्य. त्यामुळे पेंड बंद करून साली घालू नका. पेंड आणि क्षार मिश्रण चालूच राहिलं पाहिजे.


फळगाळा_तुर्भे

आता सविस्तर. टेम्पोत सालींबरोबर जाणाऱ्या गोष्टी, ज्या मी रोज बघतो:

हापूसच्या लाकडी पेटीचे खिळे. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या पिना. पेरू, सफरचंद, पपईवरची पांढरी फोमची जाळी. सफरचंदावरचे स्टिकर. द्राक्षाच्या प्लास्टिकच्या पिशव्या. ज्यूसवाल्याकडून येणाऱ्या मालात स्ट्रॉ आणि ग्लासाची झाकणं. ती फोमची जाळी सालीला अशी गुंडाळलेली असते की माणसालाही हाताने सोडवावी लागते, म्हैस काय सोडवणार.

पेटीतला पेंढा तर पुष्कळ जण मुद्दाम मागून नेतात, गुरांना अंथरायला आणि खायलाही. त्या पेंढ्यातच खिळे असतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, पेटीतला पेंढा गव्हाणीत टाकू नका.


पशुवैद्य_पनवेल

फळगाळा यांचा प्रतिसाद प्रत्येक गोठ्यात छापून लावावा असा आहे. गाय-म्हैस ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून घेते. खिळा दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे जाळीपोटात जाऊन बसतो. तो कप्पा छातीच्या पडद्याला टेकलेला असतो आणि पडद्यापलीकडे हृदय. गाभण जनावराच्या पोटावर दाब आला की खिळा पुढे सरकतो. मी शस्त्रक्रिया करून कोठीपोटातून प्लास्टिकचे मोठमोठे गोळे काढलेले आहेत, आणि त्यात फोमची जाळी असतेच. तिने आतडं तुंबतं, आणि जनावर भुकेलं असूनही खात नाही.

माल आला की ताडपत्रीवर पसरायचा, हाताने चाळायचा, मगच गव्हाणीत. याला पर्याय नाही.


वसंतविहारची_अनघा

आमच्या सोसायटीत बऱ्याच जणी आंब्याच्या साली पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवतात, गायीला मिळाव्यात म्हणून. भावना चांगली असते. हे वाचून मी आज ग्रुपवर टाकलं की पिशवी सोडून ठेवा.


पशुवैद्य_पनवेल

अनघाताई, पिशवी सोडली तरी साली रस्त्यावर ठेवू नका. मेच्या उन्हात दुपारपर्यंत त्या आंबतात, माश्या बसतात, आणि दहा घरांच्या साली एकाच गायीच्या पोटात जातात. जवळच्या गोठ्यात किंवा गोशाळेत विचारून थेट द्या. ते जमत नसेल तर ओल्या कचऱ्यात टाका, खत होईल. गायीला खरंच द्यायचं असेल तर कडब्याची पेंढी विकत घेऊन द्या.


कौसा_शेळीपालक

बकरी ईदच्या आधी आमच्याकडे मुंब्रा-कौशात घरोघरी बकरे येतात. गेली काही वर्षं ईद नेमकी आंब्याच्या सीझनला येतेय, २०२४ ला १७ जून, २०२५ ला ७ जून. मुलं बकऱ्याला प्रेमाने आंबा, केळी, पाव, भिजवलेले चणे, सगळं भरवतात. बकरा राजस्थानातून नाहीतर घाटावरून आलेला, आयुष्यभर झाडपाला खाल्लेला. दोन दिवसांत पोट फुगतं, दात खातो, पाय आखडतो. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा बकरा ईदच्या आधीच जातो आणि मुलांचं रडणं बघवत नाही. डॉक्टर, बकऱ्यांबद्दलही लिहा.


पशुवैद्य_पनवेल

कौसा भाई, तुम्ही सांगितलेलं लक्षण फक्त आम्लाचं नसतं. शेळी-मेंढीच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचे जिवाणू एरवीही थोडे असतात. अचानक साखर किंवा पिष्ट मिळालं की ते वाढतात आणि विष सोडतात. यालाच आंत्रविषार म्हणतात. चांगलं धष्टपुष्ट जनावर काही तासांत जातं, औषधाला वेळच मिळत नाही. त्यावर लस आहे, पण ती टोचल्यावर परिणाम यायला दिवस लागतात. म्हणून बकरा विकत घेतानाच विचारायचं, आंत्रविषाराची लस झाली आहे का.

घरी आल्यावर पहिले चार-पाच दिवस फक्त सुका चारा, सुबाभूळ किंवा इतर झाडपाला आणि पाणी. विकणाऱ्याला विचारा तो काय खात होता, तेच चालू ठेवा. मुलांना भरवायचंच असेल तर कलिंगडाची पांढरी-हिरवी साल, बारीक कापून, ओंजळभर. तिच्यात साखर कमी असते. पाव आणि चणे अजिबात नकोत.


येऊरकर_कोंबड्या

कोंबड्यांना पपई, आंब्याच्या साली चालतात का? आमच्याकडे गावठी आहेत, त्या सगळं टोचतात.


सूक्ष्मजीव_ठाणे

कोंबडीला कोठीपोट नाही, त्यामुळे वरचं सगळं गणित तिला लागू होत नाही. तिच्याकडे पेक्टिन आंबतं ते शेवटी, आतड्याच्या टोकाला असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत. तिथे ब्युटिरिक आम्ल तयार होतं आणि ते आतड्याच्या अस्तराच्या पेशींचं खाद्य आहे, म्हणून थोडंसं फळ चांगलंच. पण त्याआधी लहान आतड्यात पेक्टिन चिकट होतं, बाकीचं अन्न नीट पचू देत नाही, विष्ठा चिकट होते, खालचा भुसा ओला होतो आणि मग इतर आजार येतात. मोकळ्या फिरणाऱ्या गावठींना मूठभर चालेल. बंदिस्त पिल्लांना नको.


कोपरखैरणेकर

डाळिंबाच्या सालीने जंत पडतात असं आमच्याकडे म्हणतात. देऊ का म्हशीला?


पशुवैद्य_पनवेल

म्हणणं खोटं नाही. डाळिंबाच्या सालीत टॅनिन, म्हणजे तुरट चव देणारं द्रव्य, भरपूर असतं आणि टॅनिनचा जंतांवर परिणाम दिसतो. थोडं टॅनिन पोटाच्या फायद्याचंही आहे. ते पेंडीतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे ती कोठीपोटात वाया न जाता पुढच्या कप्प्यात पचतात. पण जास्त झालं की प्रथिनं सुटतच नाहीत, जिवाणूंची उपासमार होते, चारा कमी खाल्ला जातो आणि बद्धकोष्ठता होते. तेव्हा मिश्रणात चार साली आल्या तर काढू नका, पण जंतांचं औषध म्हणून मोजमापाशिवाय देऊ नका. शेण तपासून घ्या, जंत असतील तर औषध घ्या.

आंब्याच्या कोयीतल्या गरातही टॅनिन असतं, म्हणून तो कच्चा कडू लागतो. भिजवून, उकडून, वाळवून दळला तर पिष्टाचा चांगला स्रोत आहे. पण बाठा आख्खा अजिबात घालू नका. तो गळ्यात अडकतो. जनावर मान लांब करतं, तोंडातून लाळेच्या तारा गळतात, ढेकर बंद होतो आणि डावी कूस ढोलासारखी फुगते. अशा वेळी काठीने ढकलायला जाऊ नका, अन्ननलिका फाटते. तोंडाने तेल, पाणी काही पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. १९६२ वर फोन करा, फिरता दवाखाना येतो, किंवा जवळच्या डॉक्टरला बोलवा.


मीनल_खारेगाव

बाठे ज्यूसवाल्यांना आजच बंद करायला सांगितले. आता एकच अडचण. साली रोज येतात आणि रोज संपत नाहीत. उरलेल्या दुसऱ्या दिवशी दिल्या तर दारूसारखा वास येतो.


सूक्ष्मजीव_ठाणे

तो वास खराच दारूचा आहे. यीस्ट साखरेची दारू करतं. शिवाय ढिगावर बुरशी बसते. सफरचंदावरची निळी बुरशी पॅट्युलिन नावाचं विष करते. ओलसर पेंड-धान्यावर अफ्लाटॉक्सिन होतं आणि ते गुरांतून दुधात उतरतं. दुधातल्या त्या विषाची कायद्याने ठरवलेली मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, यावरून ते किती थोडं पुरतं ते कळेल. आणि बुरशी खरवडून काढली म्हणजे माल चांगला झाला असं नाही, विष आत झिरपलेलं असतं.

उपाय म्हणजे मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला चारा. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने अननसाच्या सालींचा मुरघास गुरांसाठी करून दाखवला आहे, तीच पद्धत तुमच्याकडे चालेल. साली बारीक कापा. नुसत्या साली फार ओल्या असतात, म्हणून त्यात कडब्याची कुट्टी (बारीक तुकडे) किंवा कापलेला पेंढा मिसळा. मूठभर मिश्रण घट्ट दाबून बघायचं. बोटांतून पाणी गळलं तर कुट्टी अजून हवी. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कोरडं झालं. गोळा हळूहळू सुटला आणि तळहात नुसता ओलसर राहिला की बरोबर. मग झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये थर देऊन पायाने तुडवत भरायचं, हवा राहता कामा नये, आणि झाकण बंद करून तीन आठवडे उघडायचं नाही. गूळ किंवा मळी घालायची गरज नाही, साखर फळात आहेच. ती साखर जिवाणूंनी ड्रममध्येच खाल्लेली असते, त्यामुळे म्हशीच्या पोटात एकदम साखर जात नाही.

उघडल्यावर आंबट-गोड वास यायला हवा. कुजकट वास किंवा काळा-पांढरा थर असेल तर तेवढा भाग आणि त्याखालचाही थोडा फेकून द्या.


पशुवैद्य_पनवेल

मुरघासाला पूर्ण पाठिंबा. ड्रम छोटे घ्या, म्हणजे एकदा उघडला की तीन-चार दिवसांत संपेल. आणि जूनच्या आत भरा, पाऊस लागला की इकडच्या दमट हवेत काही वाळत नाही आणि सगळ्यावर बुरशी येते.


फळगाळा_तुर्भे

एक प्रश्न माझाही. हल्ली बाजारात अव्होकॅडो बराच येतो. मऊ पडलेला टाकून देतात. गोठेवाले तोही नेतात. चालतो का?


पशुवैद्य_पनवेल

नाही. त्याची पानं, साल आणि बी यांत पर्सिन नावाचं विष असतं. शेळ्या, घोडे, गुरं, पक्षी सगळ्यांना ते बाधतं, दुभत्या जनावराची कास सुजून दूध तुटतं, काही वेळा हृदयावरही येतं. तुमच्या गाळ्यावरून तो चाऱ्यात जाऊ देऊ नका. जर्दाळू, पीच, प्लम यांच्या बियाही वेगळ्या काढा, फोडल्या गेल्या तर त्यांतून सायनाइड सुटतं.


फळगाळा_तुर्भे

ठीक. उद्यापासून आमच्या गाळ्यावर गोठ्यासाठी दोन वेगळे क्रेट ठेवतो. एकात नुसत्या साली आणि कलिंगड, पिना-जाळ्या काढून. अव्होकॅडो आणि बियांचा माल दुसरीकडे, थेट कचऱ्याच्या गाडीत. शेजारच्या दोन गाळ्यांनाही सांगितलंय, एक जण तयार आहे. मीनलताई, दिरांचा टेम्पो तुर्भ्याला येत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पहाटे पाचच्या आत यावं लागेल.


मीनल_खारेगाव

व्यनि केलाय. दिरांनी दोन ड्रम आणले आहेत, रविवारी भरतोय. कुट्टी किती लागली ते इथेच लिहिते.